क्लबचा संघ कोलकात्याला नेताना

ऑल इंडिया रग्बी स्पर्धेला संघ घेऊन जाणाऱ्या नव्या मॅनेजरने सगळ्यात आधी फ्रंट रो मोजावी. स्क्रममध्ये दोन्ही संघांचे आठ-आठ जण भिडून बॉलसाठी ढकलतात, त्यातली पुढची रांग म्हणजे फ्रंट रो: मध्ये हुकर, दोन बाजूंना दोन प्रॉप. बूट-जर्सी पोरं आपणहून बघतात, बदली प्रॉप कोणी बघत नाही. यादीत १६ ते १८ जण असतील तर फ्रंट रोला खेळणारे चार हवेत, १९ ते २२ असतील तर पाच, पूर्ण २३ नेलेत तर सहा. खेळणारे म्हणजे स्क्रमची रीतसर तालीम झालेले. अंगाने दांडगा आहे म्हणून दुसऱ्या रांगेतला एखादा लॉक तिथे घुसवू नका. स्क्रम कोसळला की मानेवर येतं. मागच्या खेपेला आम्ही विंगर, म्हणजे कडेने पळणारे, भरपूर नेले, बदली प्रॉप एकही नाही. पहिल्याचा खांदा गेला आणि रेफरीने ढकलणंच बंद केलं. आमच्या जड पॅकचा, म्हणजे स्क्रममधल्या आठ जणांचा, काडीचा उपयोग झाला नाही.

ऐन वेळी प्रॉप उसना मिळत नाही. रग्बी महासंघ तारखा ठरवेल, रेफरी देईल. प्रॉप क्लबातच घडवावा लागतो. पावसाळ्यात मैदानं क्रिकेटच्या तावडीतून सुटली की दोन बुटकी, भक्कम पोरं निवडा आणि जुन्या प्रॉपच्या हाताखाली द्या. ती कुरकुर करतील, सगळ्यांनाच बॉल घेऊन पळायचं असतं. ऐकू नका.

नोंदणीची कागदपत्रं मुदतीच्या आधी पाठवा. दुसऱ्या क्लबातून आलेल्याची ना-हरकत लेखी घ्या, तोंडी ‘हो’ला काही अर्थ नाही. नोकरीवाल्यांच्या रजेची पत्रं क्लबच्या लेटरहेडवर.

रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, त्याच दिवशी करा. मुंबईहून गीतांजली एक्स्प्रेसने हावडा म्हणजे तीस तास तरी. सहा फुटी पोराला साइड बर्थ दिलात तर तो आखडलेलाच उतरेल. उतरल्या दिवशी सामना घेऊ नका.

बुटाच्या तळाचे स्टड २१ मिलिमीटरपेक्षा लांब चालत नाहीत. कडा घासून धारदार झाल्यात का, ते बोट फिरवून आदल्या रात्रीच बघा. माउथगार्ड ज्याचा त्याचा. डोक्याला मार लागल्याची नुसती शंका आली तरी खेळाडू बाहेर, आणि त्या दिवशी परत आत नाही. तो तुमचा एकुलता एक हुकर असला तरी नाही! म्हणून सांगतो, दुसरा हुकर न्या. दुसरा प्रॉप न्या. एक विंगर घरी राहिला तर आभाळ कोसळत नाही.

सामन्याआधी फ्रंट रोची नावं, कोण कुठल्या जागी खेळू शकतो ते लिहून रेफरीला द्या. बर्फ, टेप, दुसऱ्या रंगाच्या जर्सी, जवळच्या हॉस्पिटलचा नंबर. परतीची तिकिटं. पावत्या त्याच आठवड्यात खजिनदाराकडे द्या, आणि कृपा करून ओल्या बुटांच्या पिशवीत टाकू नका.