काळा ठिपका दिसला की लगेच साल्मोनेला लिहू नका

पाऊस लागला की मुंबईत गॅस्ट्रोचे पेशंट वाढतात आणि परळच्या आमच्या लॅबमध्ये स्टूलचे (शौचाचे) नमुने सकाळपासूनच यायला लागतात. मी मायक्रोबायोलॉजीच्या बेंचवर काम करते आणि डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) करून नव्याने येणाऱ्या मुलामुलींना शिकवते. स्टूलमधून साल्मोनेला, शिगेला आणि कॉलरा यांचे जंतू कसे ओळखायचे, हे त्यांना जे रोज सांगते, तेच इथे लिहिते.

लूप (नमुना उचलायची तारेची कडी) हातात घेण्याआधी फॉर्म वाचा. जेवणानंतर किती तासांनी त्रास सुरू झाला? हळदीचं जेवण झालं आणि एक ते सहा तासांत सगळ्यांना उलट्या सुरू झाल्या, तर स्टॅफिलोकॉकस ऑरियस किंवा बॅसिलस सेरियसचं विष असण्याची शक्यता जास्त. तिथे स्टूल कल्चरपेक्षा (स्टूलमधले जंतू वाढवून बघण्यापेक्षा) उरलेला भात किंवा मिठाई हाती लागली तर खरा उपयोग. साल्मोनेलाला बहुतेक वेळा १२ ते ३६ तास लागतात, ताप येतो. आव आणि रक्त असेल तर शिगेला डोक्यात ठेवा. तांदळाच्या धुवणासारखे जुलाब म्हणजे कॉलऱ्याची तयारी.

नमुना अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसाआधीचा हवा, लघवी न मिसळलेला, आणि दोन तासांत बेंचवर. विरार-कल्याणहून येणाऱ्या नमुन्याला हे कसं जमणार? त्यामुळे तिथल्या कलेक्शन सेंटरवर कॅरी-ब्लेअर (नमुन्यातले जंतू वाटेत टिकवणारं माध्यम) ठेवायलाच लावा. शिगेला फार नाजूक, स्टूल आंबट होत गेलं की मरतो. आव किंवा रक्त दिसत असेल तर स्वॅब स्टूलच्या त्याच भागातून घ्या.

मग मॅकॉन्की आणि एक्सएलडी या दोन प्लेट्स (जंतू वाढवायच्या थाळ्या), शिवाय सेलेनाइट ब्रॉथ (साल्मोनेला वाढवणारं द्रव माध्यम). तो रात्रभर ३७ अंशांवर ठेवून दुसऱ्या दिवशी पुन्हा प्लेटवर लावायचा. कॉलऱ्याचा संशय असेल तर अल्कलाइन पेप्टोन वॉटर (त्याच्या जंतूंसाठीचा ब्रॉथ). एक्सएलडी, सेलेनाइट आणि टीसीबीएस (कॉलऱ्याच्या जंतूंची प्लेट) ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेने निर्जंतुक) करायचे नसतात. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत प्लेटवर पाणी साठतं आणि कॉलन्या (जंतूंचे पुंजके) एकमेकींत वाहून जातात, म्हणून वापरण्याआधी प्लेट उलटी करून, झाकण किंचित उघडं ठेवून इन्क्युबेटरमध्ये वाळवा.

दुसऱ्या दिवशी मॅकॉन्कीवरच्या गुलाबी कॉलन्या, बहुतेक ई. कोलाय, बाजूला राहू द्या. बिनरंगी कॉलन्या आपल्या कामाच्या. एक्सएलडीवर साल्मोनेला लाल, मधे काळा ठिपका; शिगेला नुसता लाल. नवा मुलगा काळा ठिपका बघून खूश होतो, आणि मी त्याला तिथेच थांबवते. काळा रंग आणणारा हायड्रोजन सल्फाइड प्रोटियस हा जंतूही तयार करतो, सिट्रोबॅक्टरही करतो. उलट साल्मोनेला पॅराटायफी ए (पॅराटायफॉइडचा जंतू) सहसा काळा ठिपका दाखवतच नाही. प्लेट फक्त संशय देते.

म्हणून एकच सुटी कॉलनी सुईने उचला, टीएसआयच्या (तीन साखरा आणि लोह असलेल्या ट्यूबच्या) बुडापर्यंत टोचा, स्लँटवर (तिरक्या पृष्ठभागावर) ओढा, बूच सैल ठेवा. त्याच कॉलनीतून युरिया, सिट्रेट, इंडोल, लायसिन, मोटिलिटी (जंतू हलतो का) या चाचण्या लावा आणि न्यूट्रिएंट अगारवर (साध्या घट्ट माध्यमावर) शुद्ध वाढ घ्या. युरिया आधी बघा. दोन-चार तासांत गर्द गुलाबी झाला तर बहुधा प्रोटियस, विषय संपला. हा सगळ्यात स्वस्त गाळणारा टप्पा आहे आणि घाईत नेमका हाच वगळला जातो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

टीएसआय १८ ते २४ तासांतच वाचा. त्याआधी ग्लुकोजच्या आम्लाने सगळी ट्यूब पिवळी दिसते आणि लॅक्टोज साखर न आंबवणारा जंतूही आंबवणारा वाटतो. फार उशीर केला तर साखर संपून रंग परत लालीकडे वळतो. साल्मोनेलात स्लँट लाल, बूड पिवळं आणि काळं. काळ्या रंगाने पिवळा पूर्ण झाकला असेल तरी बूड आम्लच धरायचं. शिगेलात स्लँट लाल, बूड पिवळं, वायू नाही, काळं नाही, आणि मोटिलिटी नाही. टायफीत (टायफॉइडच्या साल्मोनेलात) वायू नसतो आणि काळेपणा जेमतेम, बऱ्याचदा टोचलेल्या जागेजवळ एक रेष. ट्यूब खिडकीजवळ धरून बघा, नाहीतर ती रेष नजरेतून सुटते. लायसिन साल्मोनेलात सहसा पॉझिटिव्ह, शिगेला आणि सिट्रोबॅक्टरमध्ये निगेटिव्ह. पॅराटायफी ए इथेही निगेटिव्ह, पण त्याला वायू असतो आणि तो हलतो.

एवढं जुळलं तरच अँटिसिरा (ठरावीक जंतूंच्याच गुठळ्या करणारी सिरम) काढा. अ‍ॅग्लुटिनेशन (सिरममध्ये जंतूंच्या गुठळ्या होतात का बघणं) न्यूट्रिएंट अगारवरच्या वाढीतूनच करायचं, मॅकॉन्कीवरून नाही. शेजारी सलाइनचा थेंब हवाच. तिथेही गुठळ्या झाल्या तर ती टेस्ट बाद. टायफी वाटतोय पण ओ-सिरममध्ये काहीच होत नाही? व्हीआय अँटिजेन (जंतूवरचं बाहेरचं आवरण) आतल्या ओ अँटिजेनला झाकतं. सस्पेन्शन (सलाइनमध्ये कालवलेले जंतू) उकळून, गार करून पुन्हा करा.

कॉलऱ्याच्या ब्रॉथमधून सहा-आठ तासांनी, नळी न हलवता, वरच्या थरातून लूप घ्या. व्हिब्रिओ (कॉलऱ्याचा जंतू) तिथेच वाढतो. टीसीबीएसवर पिवळी कॉलनी आली तरी ऑक्सिडेज चाचणी त्या प्लेटवरून करू नका, न्यूट्रिएंट अगारवरून करा, आणि नायक्रोम धातूच्या लूपऐवजी लाकडी काडी वापरा. पॉझिटिव्ह आला की कॉलऱ्याच्या ओ१ प्रकाराचं अँटिसिरम. ते जुळलं तर छापील रिपोर्टची वाट न बघता वॉर्डला आणि महापालिकेच्या आरोग्य विभागाला फोन करा. तो विभाग पाण्याची लाइन तपासायला माणसं पाठवतो. तुमच्या फोनने त्यांचा एक दिवस वाचतो.

आणि हातमोजे. शिगेलाचे दहा ते शंभर जंतूही आजारी पाडायला पुरतात. बेंचवर मोबाईल नको, चहा नको. कल्चर स्लँटवर जपून ठेवा, कारण औषध-संवेदनशीलता आणि पुढची टायपिंग (जंतूचा नेमका उपप्रकार ठरवणं) त्यावरच होणार. बाकी प्लेट्स, ट्यूब सगळं १२१ अंशांवर ऑटोक्लेव्ह करूनच कचऱ्यात.