पप्पांना कॉम्प्युटर, मला मेकॅनिकल: ऑप्शन फॉर्मच्या आधी भांडण मिटवायचं कसं

इंजिनिअरिंगच्या सीईटीचा निकाल लागला की कुठली ब्रँच घ्यायची यावरून घरोघरी हे सुरू होतं. आमच्याकडे मला मेकॅनिकल हवं होतं आणि पप्पांचं एकच, कॉम्प्युटर म्हणजे कॉम्प्युटर. आणि गंमत बघा, पप्पा स्वतः एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक! आठवडाभर नुसता आरडाओरडा केला आम्ही, त्यात जे हाती लागलं ते सांगते.

आधी वेळ सांभाळा. कॅप राउंडचा, म्हणजे सीईटी सेलच्या प्रवेशफेरीचा, ऑप्शन फॉर्म (कुठलं कॉलेज, कुठली ब्रँच हवी त्याची क्रमाने यादी) भरायला जेमतेम तीन-चार दिवस मिळतात आणि कन्फर्म केला की त्या राउंडपुरता विषय संपला, म्हणून जे काय भांडायचं ते फायनल मेरिट लिस्टच्या आधी भांडून घ्या. शेवटच्या रात्री सायबर कॅफेत त्या माणसासमोर वाद घालू नका, तिथे तो कॅफेवालाच तुमची ब्रँच ठरवून मोकळा होतो.

मग हे बघा की पप्पांच्या तोंडून नक्की बोलतंय कोण. बऱ्याचदा हिंजवडीला असलेला आतेभाऊ नाहीतर क्लासचे सर बोलत असतात. पण खरी भीती वेगळीच असते आणि ती सरळ विचारून कळत नाही, बाप माणूस "मला भीती वाटते" असं म्हणणारे का? आईला विचारा. मला आईनेच सांगितलं, की पप्पांना पॅकेजचं काही पडलेलं नाही, तीस वर्षं गाडीखाली झोपून काम केलंय त्यांनी, नखातलं काळं ऑइल लग्नकार्याला पण निघत नाही, आणि आता पोरगी त्याच शॉपफ्लोअरवर, रात्रपाळीला, पुरुषांच्यात एकटी उभी, हेच त्यांच्या डोळ्यांपुढे येतं. हे कळल्यावर मी पॅकेजचे आकडे दाखवायचे बंद केले. डिझाइन, सिम्युलेशन, क्वालिटी असल्या कामात कोण कोण मुली आहेत ते शोधलं, ओळखीतल्या एका ताईचा फोन लावून दिला आणि मी उठून बाहेर गेले. वीस मिनिटं बोलत होते.

आता तुमची बाजू. "मला गाड्या आवडतात" हे कारण होऊ शकत नाही, मी हेच म्हटलं तर पप्पा म्हणाले, "गाडी आवडते म्हणजे बसायला आवडते. खोलून बघितलीस का कधी?" आणि रविवारी स्प्लेंडरचा कार्बोरेटर माझ्यापुढे ठेवला. तीन तास लागले, परत बसवला तर एक वायसर उरला. पण त्या दिवसापासून त्यांचा आवाज खाली आला. तुम्ही निदान सेकंड इयरचा सिलॅबस उघडून बघा, कारण फर्स्ट इयर बहुतेक ठिकाणी सगळ्यांना जवळपास सारखंच असतं, खरी ब्रँच पुढे सुरू होते. मेकॅनिकलला थर्मो आणि स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स, कॉम्प्युटरला डेटा स्ट्रक्चर्स आणि डिस्क्रीट मॅथ्स. वाचून जांभई आली तर पप्पांचं बरोबर असू शकतं, तेही मान्य करायची तयारी ठेवा. आणि मित्र एआयला चाललेत म्हणून एआय, हे तर आतेभावाच्या वरताण झालं.

प्लेसमेंटचं विचारताना सगळ्यात मोठं पॅकेज विचारू नका, ते एकालाच असतं. मधल्या पोराला किती मिळालं, आणि ब्रँचच्या कामात किती जण गेले, ते विचारा, तेही फायनल इयरच्या पोरांना. मोठ्या आयटी कंपन्या कुठल्याही ब्रँचची पोरं घेतात हे पप्पांच्या कानावर घाला, खूप फरक पडतो. सरकारी नोकरीचा आग्रह असेल तर यूपीएससीची इंजिनिअरिंग सर्व्हिसेस परीक्षा सिव्हिल, मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल आणि इलेक्ट्रॉनिक्सचीच असते, कॉम्प्युटरचा त्यात वेगळा पेपरच नाही.

यादी कागदावर करा, मोबाईलवर नाही. गेल्या वर्षीचा कटऑफ सीईटी सेलच्या साइटवर मिळतो. दोघांनी आपापल्या चिठ्ठ्या लिहायच्या, कॉलेज आणि ब्रँच, आणि जमिनीवर पसरून वरखाली करायच्या. आमच्यात ठरलं ते असं: वरचे सहा कोड (कॉलेज-ब्रँचच्या प्रत्येक जोडीला फॉर्ममध्ये एक कोड असतो) माझे, मग चांगल्या कॉलेजचं कॉम्प्युटर, आणि जिथे दोघांनाही जायचं नाही ते कॉलेज यादीतच नको. "वर अवघड कॉलेज टाकलं तर खालचं हातचं जातं" असं पप्पा म्हणतील, तसं होत नाही, सीट मेरिटनेच लागते. फक्त एक लक्षात ठेवा, पहिल्या राउंडला पहिला ऑप्शन लागला की ऑटो फ्रीझ, म्हणजे तीच सीट आपोआप पक्की, मग पुढच्या राउंडला चान्स नाही, म्हणून पहिल्या नंबरावर उगाच कुणाचं मन राखू नका. आणि ओटीपी पप्पांच्या मोबाईलवर येत असेल तर कन्फर्म करताना शेजारी बसा. माझ्या मैत्रिणीची यादी रात्रीत उलटी झाली होती.

फीवरून अडलं असेल तर उत्पन्न 8 लाखांच्या आत असल्यास टीएफडब्ल्यूएस या फी माफीच्या योजनेचा वेगळा कोड असतो, ट्युशन फी माफ, तो आवर्जून टाका. मुलींसाठी 2024 पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसीला याच उत्पन्न मर्यादेत ट्युशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. उत्पन्नाचा दाखला मात्र आधीच काढून ठेवा, तहसीलला जूनमध्ये रांग असते.

आणि नाहीच ऐकलं तर? फर्स्ट इयरनंतर जागा रिकाम्या असतील तर मार्कांवर ब्रँच बदलता येते, पण जागा थोड्या असतात, त्या भरवशावर बसू नका.

मला चौथा कोड लागला, मेकॅनिकल. रिपोर्टिंगला, म्हणजे कॉलेजात जाऊन प्रवेश पक्का करायला, पप्पा सोबत आले होते, फीच्या रांगेत मला उभी करून गायब झाले, शोधलं तर कॉलेजच्या वर्कशॉपच्या खिडकीतून लेथ मशीन बघत उभे.