आयशॅडो घेताना सर्वांत गडद मॅट (बिनचमकीचा) रंग आधी तपासावा

साताऱ्यात मोती चौक ते राजवाडा या भागातील दुकानांत आयशॅडोची, म्हणजे पापण्यांवर लावायच्या रंगांची, पॅलेट पाहताना डबीतला रंग कितीही खुलून दिसला, तरी त्यावरून पावडरीचा दर्जा कळत नाही. दुकानात टेस्टर (लावून पाहण्यासाठी ठेवलेला नमुना) मागावा, स्वच्छ व कोरडे बोट त्यावर एकदाच हलक्या हाताने फिरवावे आणि मनगटाच्या आतल्या बाजूस ओढून दारापाशी उजेडात पाहावे. चांगला रंग पहिल्याच ओढीत सलग उमटतो आणि पावडर चिमटीत रेशमासारखी मऊ लागते. तो तुटक किंवा पांढुरका दिसला, तर रंगद्रव्य कमी आणि टाल्कसारखा भराव जास्त, असे बहुधा समजावे.

खरी परीक्षा मॅट छटांची, त्यातही गडद निळ्या-जांभळ्या रंगांची होते, कारण चमकदार छटांत अभ्रकाच्या चमकीखाली पुष्कळ उणिवा झाकल्या जातात. म्हणून तपासणीची सुरुवात तिथूनच करावी, असा माझा आग्रह आहे. ब्रश टेकवताच थोडी भुकटी सुटणे मऊ पावडरीत स्वाभाविक आहे. पण ढीगच उठत असेल, तर बांधणी सैल असून ती गालांवर गळेल, आणि नखाने खरवडल्याशिवाय रंग सुटतच नसेल, तर ती गरजेपेक्षा जास्त दाबलेली आहे.

अनेकांची बोटे लागलेला टेस्टर पापणीला मात्र कधीही लावू नये. वेष्टनावर उत्पादकाचे नाव-पत्ता, परवाना व बॅच क्रमांक आणि मुदत छापलेली नसेल, तर ती वस्तू स्वस्त मिळाली तरी घेऊ नये, कारण ती डोळ्यांच्या अगदी कडेला लागणार असते.