क्लिनिकला ईएमआर (म्हणजे कॉम्प्युटरवरचे केसपेपर) लावायचंय? सॉफ्टवेअर घ्यायच्या आधी हे उरकून घ्या

डेमो बघून भुलू नका हे पहिलं. डेमोत पेशंट एकच असतो, नेट पळत असतं आणि बाहेर बाकावर कुणी खोकत बसलेलं नसतं. आधी एक दिवस नुसतं बघा की तुमच्या ओपीडीत कागद फिरतो कसा, केसपेपर कोण काढतं, बीपी-वजन कोण लिहितं, लॅबचा रिपोर्ट आला की कुणाच्या टेबलावर पडतो. बहुतेक ठिकाणी हे सगळं कंपाउंडरच्या किंवा रिसेप्शनच्या ताईंच्या डोक्यात असतं, डॉक्टरांना पत्ताही नसतो. म्हणून कंपनीचा माणूस आला की ताईंना शेजारी खुर्ची देऊन बसवा, दिवसभर बटणं त्याच दाबणार आहेत.

मग नावं. हे आधी कुणी ठरवत नाही आणि नंतर डोकं धरून बसतात. पाटील टाकलं की अर्धं गाव स्क्रीनवर, त्यात सुनीता पाटील चार, मोबाईलवरून शोधावं तर नंबर मुलाचा आणि त्याच नंबरवर आई, बाप, बायको, दोन पोरं सगळी. वय विचारलं तर "लिहा की साठ-पासष्ट". स्पेलिंगचं तर विचारूच नका, वैशालीला कुणी व्ही लावतं कुणी डब्ल्यू. तर नियम एकच करा: स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं, आडनाव, गाव किंवा वाडी, वयाऐवजी जन्मवर्ष, आणि मोबाईल कुणाचा आहे ते. हे मोठ्या अक्षरात लिहून रिसेप्शनच्या काचेखाली सरकवा. एकाच बाईच्या दोन फाइली झाल्या, पेनिसिलिनची ॲलर्जी एकीत राहिली आणि इंजेक्शन दुसरी बघून दिलं तर काय होईल ते मी सांगायला नको. पेशंटकडे आभा (सरकारी डिजिटल आरोग्य खातं) असेल तर तो १४ आकडी नंबर टाकून घ्या, नसेल तर अडवू नका, ते ऐच्छिक आहे.

जुने केसपेपर सगळे स्कॅन करायच्या भानगडीत पडू नका, पैसे जातात आणि नंतर कुणी उघडून बघत नाही. शुगर, बीपी, थायरॉइड, दमा, फिट्स, गरोदर बायका, हे पेशंट पुढच्या वेळी येतील तेव्हा एकेकाचं निदान, चालू गोळ्या, ॲलर्जी, झालेली ऑपरेशनं आणि शेवटचे रिपोर्ट एवढंच चढवा. पण चढवलं म्हणून कागद रद्दीत घालू नका, ॲडमिट पेशंटचे रेकॉर्ड तीन वर्षं ठेवायचं बंधन २००२ च्या मेडिकल कौन्सिलच्या नियमांतच आहे, आणि मागितले तर ७२ तासांत द्यायचे असतात. सोनोग्राफीवाल्यांनी फॉर्म एफ (गर्भलिंग निदानाविरुद्धच्या कायद्यातला गरोदर बाईच्या सोनोग्राफीचा फॉर्म) आणि रजिस्टरं आत्ता चालू आहेत तशीच चालू ठेवावीत, सॉफ्टवेअरवाला काही म्हणो.

औषधांच्या यादीला मात्र एक रविवार द्याच. सॉफ्टवेअरसोबत हजारो ब्रँड येतात, त्यातली तुम्ही रोज लिहिता ती शे-दीडशे वेगळी काढा, जेनेरिक नाव आणि ताकद टाका. पॅरासिटामॉलचं सिरप ५ मिलीत १२० मिलिग्रॅमचं येतं तसंच २५० चंही येतं, यादीत दोन्ही खाली-वर आली की घाईत बोट चुकायला कितीसा वेळ, म्हणून २५० च्या नावात आकडा सगळ्यात पुढे घ्या. पोरांचं वजन टाकल्याशिवाय पुढे जाताच येणार नाही असं सेटिंग मिळालं तर उत्तमच. आणि डेमोतच मराठी प्रिस्क्रिप्शनची प्रिंट मागा, "सकाळी १, रात्री १, जेवणानंतर" एवढं छापताना काही सॉफ्टवेअरमध्ये वेलांटी एकीकडे आणि अक्षर एकीकडे जातं. प्रिंटवर डॉक्टरांचा रजिस्ट्रेशन नंबर हवाच, सही पेनाने करा.

लाइट जाणारच. कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर घेतात आणि राउटर विसरतात, मग स्क्रीन चालू आणि नेट बंद. लेझर प्रिंटर इन्व्हर्टरला झेपेलच असं नाही, इंक टँकचा बरा. कोऱ्या केसपेपरचं पॅड ड्रॉवरमध्ये कायम असू द्या, नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर हॅक झाले तेव्हा तिथेसुद्धा कितीतरी दिवस काम हातानेच चालवावं लागलं होतं. बॅकअप क्लाउडवर असला तरी एक कॉपी वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा, आणि महिन्यातून एकदा ती उघडून बघा, न उघडलेल्या बॅकअपला मी बॅकअप म्हणत नाही.

कंपनीला लेखी विचारा की उद्या सोडून गेलो तर डेटा कसा देणार. नुसत्या पीडीएफचा ढीग कामाचा नाही, एक्सेल तरी हवं. केंद्राच्या २०१६ च्या ईएचआर स्टँडर्ड्समध्ये (डिजिटल आरोग्य नोंदी कशा ठेवायच्या त्याचे नियम) स्पष्ट म्हटलंय की डॉक्टर हे रेकॉर्ड पेशंटच्या वतीने विश्वस्त म्हणून सांभाळतो, मग कंपनी ते अडकवून ठेवणार कुठल्या हक्काने? सॉफ्टवेअर आयुष्मान भारत डिजिटल मिशनशी (आभा नंबर देणारी केंद्राची योजना) जोडलेलं आहे का तेही विचारा, आणि शंका आली तर या स्टँडर्ड्सचं राष्ट्रीय केंद्र पुण्यातच सी-डॅक या सरकारी कॉम्प्युटर संस्थेत आहे, त्यांच्या वेबसाइटवर बरंच काही फुकट मिळतं. लॉगिन प्रत्येकाचं वेगळं. डॉक्टरांचा पासवर्ड मॉनिटरला चिकटवलेला असणं हे आपल्याकडचं फार आवडतं काम, ते आजच काढा. मॉनिटर असा ठेवा की तुमची पाठ पेशंटकडे होणार नाही आणि दारातून डोकावणाऱ्याला काही वाचता येणार नाही.

सुरुवात सोमवारी नको, बाजाराच्या दिवशी नको आणि पावसाळ्यात तापाच्या गर्दीत तर अजिबात नको, जानेवारी-फेब्रुवारी बरे. पहिला आठवडा फक्त संध्याकाळची ओपीडी आणि फक्त नवे पेशंट, जमलं की सकाळ घ्या. ओपीडी हळू चालणार हे धरूनच चाला, अपॉइंटमेंट कमी द्या, बाहेर तशी पाटी लावा, आणि त्या पंधरा दिवसांत ताईंची रजा असेल तर तारीखच पुढे ढकला.