डार्विनला शास्त्रज्ञांनी कसं स्वीकारलं : दोन तासिकांत कसं शिकवावं

नववी ते बारावीच्या मुलांपुढे हा विषय मांडताना फळ्यावर आधी दोन रकाने आखा : ‘उत्क्रांती झाली का?’ आणि ‘ती नैसर्गिक निवडीमुळे (परिस्थितीला साजेसे गुण असलेले जीव जास्त टिकतात आणि ते गुण पिढ्यान्‌पिढ्या वाढत जातात) झाली का?’ पहिल्याला १८५९ मध्ये डार्विन यांचं ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ हे पुस्तक आल्यानंतर पंधरा-वीस वर्षांत बहुतेक जीवशास्त्रज्ञांनी होकार दिला. (निसर्गशास्त्रज्ञ लुई अगासिझ मात्र १८७३ मध्ये वारले तोवर बधले नाहीत.) दुसऱ्यावर एकमत व्हायला १९३०-४० उजाडलं. रकाने आखले नाहीत, तर तास १८६० च्या ऑक्सफर्डमधल्या, डार्विनचे समर्थक हक्सली आणि बिशप विल्बरफोर्स यांच्या खडाजंगीतच संपतो आणि सर्वांत बोचरे आक्षेप शास्त्रज्ञांचेच होते, हे राहून जातं.

वेळेचा आक्षेप मैदानावर घ्या. ४६ मीटर सुतळी आणा. नायलॉनची नको, ती ताणते. १ सेंमी म्हणजे १० लाख वर्षं. एक टोक ‘आज’. तिथून ४५.४ मीटरवर गाठ : पृथ्वीचं आज मानलं जाणारं वय. ९८ सेंमीवर दुसरी : पृथ्वी थंड होण्याच्या वेगावरून भौतिकशास्त्रज्ञ केल्विन यांनी १८६२ मध्ये काढलेलं वय. एवढ्यात निवडीचं संथ काम कसं उरकणार? पुढे १८९७ मध्ये ते २ ते ४ कोटींवर, म्हणजे २० ते ४० सेंमीवर उतरले. आता ६६ सेंमीवर खडूने खूण करा : पांडवलेणी ज्यात कोरली तो बेसाल्ट, सुमारे ६.६ कोटी वर्षांचा. त्या हिशेबाने नाशिकचा डोंगर पृथ्वीपेक्षा थोरला! पृथ्वीच्या पोटातली उष्णता नुसत्या वहनानेच बाहेर येते, हे केल्विन यांचं गृहीतक चुकलं होतं.

दुसरा आक्षेप अभियंता फ्लीमिंग जेन्किन यांचा, १८६७ चा. आईबापांचे गुण मिसळतात असं तेव्हा समजत; मग एखादा नवा गुण दर पिढीत निम्मा होत विरून जाणार. काचेच्या ग्लासात २०० मिली पाणी, त्यात खाण्याच्या लाल रंगाचे ४ थेंब. निम्मं ओता, तेवढंच साधं पाणी घाला. पाच फेऱ्यांत रंग बत्तिसाव्या हिश्शावर येतो. कुंकू वापरू नका, ते तळाशी बसतं; थेंब जास्त पडले तर शेवटीही पाणी लालच दिसतं. डार्विन यांनी हा आक्षेप इतका मनावर घेतला की पुस्तकाच्या १८६९ च्या पाचव्या आवृत्तीत मजकूर बदलला. गुण मिसळून विरत नाहीत, सुटे राहूनच पुढच्या पिढीत जातात, हे दाखवणारा मेंडेल यांचा निबंध १८६६ मध्येच छापून आला होता, पण १९०० पर्यंत त्याकडे जवळजवळ कुणी पाहिलं नाही.

मेंडेल यांचं म्हणणं दाखवायला आता पिशवीत ९० पांढरे, १० लाल मणी. एकाच मापाचे हवेत. राजमा-चवळी घेतली तर बोटांना फरक कळतो. न बघता एक काढा, रंग नोंदवा, परत टाका. असं १०० वेळा. आलेल्या आकड्यांनी पुढची पिढी भरा. लाल कमी-जास्त होतील, पण फिके होत नाहीत. फिशर, हॉल्डेन आणि राइट या आनुवंशशास्त्रज्ञांनी पुढे हेच गणितात बसवलं. वेळ वाचवायला १० मणी (त्यात १ लाल) घेऊन १० वेळाच काढलं, तर लाल साधारण तीनांत एकदा पहिल्याच पिढीत नाहीसा होतो. प्रयोग फसला म्हणून पुसू नका. लहान समूहातल्या या निव्वळ योगायोगाला किती महत्त्व द्यायचं, यावरूनच फिशर आणि राइट भांडत राहिले. लाल किती वेळा नाहीसा झाला, तो आकडा दुसऱ्या रकान्यात लिहा.