एमडी झालं, आता सीव्ही: सांगली-साताऱ्यात नोकरी शोधणाऱ्या फिजिशियनसाठी

मिरजेतल्या एखाद्या खासगी रुग्णालयाचे मालक-डॉक्टर तुमचा सीव्ही दोन पेशंटच्या मधल्या वेळात, बहुधा मोबाइलवरच वाचणार. त्यांचा प्रश्न एकच असतो: रात्री आयसीयू याच्या भरवशावर सोडता येईल का? त्याचं उत्तर पहिल्याच पानावर हवं.

आधी नाव, फोन, ईमेल आणि पदवी: एमडी मेडिसिन की डीएनबी (एमडीच्या तोडीची राष्ट्रीय बोर्डाची पदवी), कॉलेज, उत्तीर्ण झाल्याचं वर्ष. निकाल यायचा असेल तर तसं लिहा. त्याखाली महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक आणि मुदत. नोंदणी दर 5 वर्षांनी नूतनीकरण करावी लागते. एमडी ही वाढीव पदवी कौन्सिलकडे नोंदवली नसेल, तर अर्ज करायच्या आधी ते काम उरका. सरकारी कॉलेजातून शिकला असाल तर बाँड (शिक्षणानंतरची सक्तीची सरकारी सेवा) संपला की चालू आहे आणि रुजू कधी होऊ शकता, तेही इथेच. नाहीतर पहिला फोन त्यासाठीच येतो.

मग काम. इथेच बहुतेक सीव्ही पोकळ असतात. ‘सर्व प्रोसिजर येतात’ हे कुणीही लिहितं. लॉगबुक उघडा आणि इंट्युबेशन (श्वासनलिकेत नळी), सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत नळी), आयसीडी (छातीत नळी), टेम्पररी पेसिंग (तात्पुरता पेसमेकर) यांचे आकडे काढा. एकट्याने किती, सिनिअरच्या देखरेखीखाली किती, हे वेगळं दाखवा. इको (हृदयाची सोनोग्राफी) फक्त स्क्रीनिंगपुरता येत असेल तर ‘स्क्रीनिंग इको’ एवढंच लिहा, मुलाखतीला समोर कार्डिओलॉजिस्ट बसलेला असू शकतो. घोणस-मण्यारचा दंश आणि ऑर्गनोफॉस्फरसची (कीटकनाशकाची) विषबाधा आपल्याकडे फिजिशियनच्याच वाट्याला येते. असे पेशंट व्हेंटिलेटरवर सांभाळले असतील तर ते ठळक लिहा. माझ्या मते कॉन्फरन्सच्या प्रमाणपत्रांपेक्षा त्याला इथे जास्त किंमत आहे. एसीएलएस (हृदय बंद पडल्यावरच्या उपचारांचं प्रशिक्षण) केलं असेल तर मुदतीसह.

मिरजेचं शासकीय महाविद्यालय, कऱ्हाडचं कृष्णा किंवा सांगलीचं भारती विद्यापीठ अशा ठिकाणी अर्ज करायचा तर दुसरी प्रत बनवा. तिथे थीसिस, शोधनिबंध, बीसीबीआर (वैद्यकीय संशोधनाचा मूलभूत) कोर्स आणि यूजींना (एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांना) शिकवल्याचा अनुभव वर येतो. सहायक प्राध्यापकपदासाठी सहसा एमडीनंतर एक वर्षाची सिनिअर रेसिडेन्सी (वरिष्ठ निवासी डॉक्टर म्हणून काम) लागते. ती झालेली नसेल तर सिनिअर रेसिडेंट म्हणूनच अर्ज करा. खासगी रुग्णालयाच्या प्रतीत थीसिसला एक ओळ पुष्कळ.

भाषा जरूर लिहा. जत, मिरज भागात कर्नाटकातून येणारे पेशंट भरपूर, त्यामुळे कन्नड येत असेल तर ते लपवू नका. संदर्भासाठी दोन सरांची किंवा मॅडमची नावं द्या, पण आधी त्यांना विचारून.

दहावीचे गुण, वडिलांचा व्यवसाय, आधार क्रमांक आणि अपेक्षित पगार वगळा. पगाराचं बोलणं समोरासमोर बरं. सगळं दोन पानांत बसवा, पीडीएफ करा आणि फाइलला स्वतःचं नाव द्या. ‘न्यू सीव्ही फायनल 3’ नावाची फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर परत कुणाला सापडत नाही.