समान गुणोत्तरं आणि छेदातलं शून्य: टीईटीला बसणाऱ्या कलावाल्यांसाठी

टीईटीच्या, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेच्या, गणिताची तयारी करणाऱ्यांत माझ्यासारखे कला शाखेचे बरेच असतात. दहावीनंतर गणिताला रामराम ठोकलेला, आणि आता पुन्हा नववीचं बीजगणित उघडायची वेळ आलेली. गुणोत्तर म्हणजे काय, २:३ आणि ४:६ समान का, हे इथे सांगत बसत नाही. तेवढं तुम्हाला येतंच. मी बोलणार आहे ते एका अटीबद्दल. गुणोत्तराच्या दोन्ही पदांना एकाच शून्येतर संख्येने गुणलं तर गुणोत्तर बदलत नाही, असं पुस्तकात असतं. आपण वाचतो ते 'एकाच संख्येने गुणलं', बस. मधला शब्द डोळ्यांखालून निसटतो, आणि पुढचा सगळा मनस्ताप तिथून सुरू होतो.

समजा ती अट नाही. २:३ च्या दोन्ही पदांना शून्याने गुणा, ०:० आलं. ५:७ ला गुणा, पुन्हा ०:०. म्हणजे २:३ आणि ५:७ समान! आता तिरकस गुणाकार करून तपासा, कारण शॉर्टकटवाले तेच सांगतात. २ × ० आणि ३ × ०, दोन्हीकडे शून्य, बरोबर. ५ × ० आणि ७ × ०, तेही बरोबर. तिरकस गुणाकार ०:० ला कुणाच्याही शेजारी बसवून पास करतो. मला छळलं ते यानेच. चुकीच्या पायरीवर तपासणी अडेल असा माझा भरवसा होता, आणि इथे तपासणीच फितूर. तिरकस गुणाकार चालतो तो दोन्ही गुणोत्तरांची उत्तरपदं, म्हणजे दुसरी पदं, शून्य नसतील तेव्हाच; ती अट कुठल्याही 'तीस सेकंदात गुणोत्तर' छाप व्हिडिओत मी ऐकलेली नाही.

शून्याने भागता का येत नाही, हे लाडू वाटून शिकवू नका. 'शून्य मुलांना सहा लाडू वाटले तर प्रत्येकाला किती?' यावर वर्गात फक्त हशा पिकतो. भागाकार म्हणजे गुणाकाराचा उलटा प्रश्न, एवढं धरून चला. ६ ÷ ३ म्हणजे ३ ला कितीने गुणल्यावर ६ येतील? २ ने. ६ ÷ ० म्हणजे शून्याला कितीने गुणल्यावर ६ येतील? कशानेच नाही. उत्तरच नाही. आता ० ÷ ० बघा: शून्याला कितीने गुणल्यावर शून्य येईल? ४ ने येईल, १७ ने येईल, −९ नेही येईल. इथे उत्तरांची झुंबड, आणि त्यातलं एक निवडायला काही कारण नाही. दुखणी दोन आहेत, वेगवेगळी आहेत, पण दोन्हींवर शिक्का एकच बसतो, अव्याख्यात. (० ÷ ५ मात्र बिनधास्त शून्य लिहा. अंशातलं शून्य बघूनही दचकणारे लोक आहेत.)

'उत्तर अनंत' म्हणणारे सरही भेटतील. १ ला ०.१ ने, ०.०१ ने, ०.००१ ने भागत गेलं की १०, १००, १००० मिळतं, त्यावरून ते बोलतात. मग −०.१, −०.०१ ने भागून बघा की. गाडी उलट्या दिशेने पळते.

आता खरा सापळा. समान गुणोत्तरांचा सिद्धांत सांगतो की गुणोत्तरं समान असतील तर अंशांची बेरीज भागिले छेदांची बेरीज हेही त्यांच्याएवढंच. नेहमीचं उदाहरण घ्या: अ/(ब+क) = ब/(क+अ) = क/(अ+ब). प्रत्येकाची किंमत किती? अंशांची बेरीज अ+ब+क, छेदांची २(अ+ब+क). वरखाली काटलं, उत्तर १/२. शंभरातले नव्वद जण इथे पेन खाली ठेवतात.

थांबा. काटलं म्हणजे अ+ब+क ने भागलं. ती बेरीज शून्य असली तर? अ = ३, ब = −१, क = −२ घ्या. पहिलं गुणोत्तर ३/(−३), म्हणजे −१. दुसरं −१/१, −१. तिसरं −२/२, तेही −१. तिन्ही समान आहेत, एकही छेद शून्य नाही, तरी उत्तर १/२ नाही. बेरीज शून्य असली की ब+क = −अ होतं, म्हणून दर वेळी −१ च. प्रश्नात 'अ+ब+क ≠ ०' असं दिलं असेल तर १/२. दिलं नसेल तर दोन्ही किमती लिहायच्या. पर्यायांत 'यांपैकी दोन्ही' असं दिसलं तर जास्तच सावध व्हा.

म्हणून माझा सल्ला, वादग्रस्त असला तरी: योग क्रिया, वियोग क्रिया (गुणोत्तराच्या पदांची बेरीज-वजाबाकी करण्याचे तयार नियम) पाठ करण्याआधी के-पद्धतीवर हात बसवा. प्रत्येक गुणोत्तर के माना. अ = के(ब+क), तसंच बाकीची दोन. तिन्हींची बेरीज केली की (अ+ब+क)(१ − २के) = ०. दोन अवयवांचा गुणाकार शून्य, म्हणजे दोन शक्यता समोरच उभ्या. दोन ओळी जास्त लागतात, लागू द्या.

आणि हे डोक्यात शिरायला वेळ लागला तर खचू नका. ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये शून्य भागिले शून्य म्हणजे शून्य असं लिहिलं होतं. भास्कराचार्यांनी शून्य छेद असलेल्या राशीला 'खहर' म्हटलं. लीलावतीत त्यांचं एक गणितच आहे: एका संख्येला शून्याने गुणलं, आलेल्या गुणाकारात त्याचंच निम्मं मिळवलं, त्याची तिप्पट केली, शून्याने भागलं, तर ६३ आले, ती संख्या कोणती? ते उत्तर देतात १४. शून्याने गुणून पुढे शून्यानेच भागायचं असेल तर राशी जशीच्या तशी राहते, असा त्यांचा नियम. काही अभ्यासकांना त्यात सीमेच्या (लिमिटच्या) कल्पनेची चाहूल दिसते. आजच्या बीजगणितात मात्र तो नियम चालत नाही, पेपरात तर नाहीच.

मार्गदर्शक निवडताना माझी कसोटी एकच. त्यांना विचारा, 'इथे काटलं ते शून्य असेल तर?' 'असं विचारायचं नसतं, परीक्षेत येत नाही' असं उत्तर आलं तर फी परत मागा. 'बघू या' म्हणून खडू उचलणारे सर मिळाले तर त्यांचं अक्षर कितीही गिचमिड असो, त्यांना सोडू नका.

सराव क्ष² = ५क्ष पासून करा. दोन्ही बाजूंना क्ष ने भागलं की ५ मिळतात आणि शून्य हे दुसरं उत्तर गुपचूप गळतं. त्याऐवजी क्ष(क्ष − ५) = ० लिहा. मग नववीच्या समान गुणोत्तरांच्या सरावसंचातली समीकरणं घ्या, आणि जिथे जिथे काहीतरी काटाल तिथे समासात 'हे ≠ ० का?' असं पेन्सिलीने लिहीत चला.